बक्षीस, शाबासकी आणि शाळेची गोडी

व्याख्यानाला उभ्या राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट आधीपासून ठाऊक असते. भाषण रंगो की न रंगो, शेवटी शाल आणि श्रीफळ मिळायचेच. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला, आणि त्याच वाटेने आज गावोगावच्या व्याख्यानमाला चालल्या आहेत; परंतु भाषण पडले म्हणून वक्त्याच्या हातचा नारळ परत घेतल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. आणि ते योग्यच आहे. शाल-श्रीफळ हा पाहुण्याचा सत्कार आहे, भाषणाचे बक्षीस नव्हे. त्याने बोलणाऱ्याचा संकोच जातो. भाषण सुधारत नाही.

आमचा आजचा विषय मात्र मोठ्या माणसांचा नाही. तो सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा आहे. पहिलीपासून चौथीपर्यंतच्या वर्गांत सर किंवा बाई मुलांना लहानसहान बक्षिसे देत असतात. वहीवर लाल शाईचा तारा, मनगटावर बॉलपेनने काढलेले फूल, एखादी लिमलेटची गोळी, खोडरबर, सगळ्या वर्गाने मिळून वाजवलेल्या तीन टाळ्या. एवढ्याने मुलाला अभ्यासाची गोडी लागते काय? लागली तर टिकते काय? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु ज्या घरातून यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्या घरातले मूल शाळेत रमणार की दुसऱ्या वर्षी घरी बसणार, हे पुष्कळदा असल्या लहान गोष्टींवरच ठरते.

आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना हा प्रश्न पडलाच नसेल. त्यांच्या वेळी उत्तर तयार होते, आणि ते मास्तरांच्या टेबलावर आडवे ठेवलेले असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी केली. छडी गेली, फार चांगले झाले. पण तिची रिकामी जागा भरायला पुष्कळ ठिकाणी गोळ्यांचा डबा आला. छडीच्या भीतीने बसणारे मूल आणि गोळीच्या आशेने बसणारे मूल यांत फरक आहे हे खरे; पण दोघांचेही लक्ष पुस्तकाकडे नसून टेबलाकडे आहे, हेही तितकेच खरे.

म्हणून कोणी म्हणेल की बक्षिसे बंदच करावी. आमचे तसे मत नाही, आणि त्याला आधार फार मोठ्या माणसाचा आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन ठेवले. त्यात प्राथमिक शिक्षणासंबंधी ज्या मागण्या आहेत, त्यांत मागे ठेवल्या गेलेल्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, म्हणजे त्यांच्या ठिकाणी विद्येची गोडी उत्पन्न होईल, अशीही एक आहे. मौज अशी की त्याच निवेदनात जोतीरावांनी बक्षिसाच्या दुसऱ्या एका प्रकाराला स्वच्छ विरोध केला आहे. त्या काळी शाळांना निकालाच्या मानाने पैसे देण्याची पद्धत होती. इंग्लंडात ती १८६२ पासून रूढ झाली होती: तपासणीस येणार, मुलांची परीक्षा घेणार, जितकी मुले पास तितके अनुदान. जोतीरावांचे म्हणणे असे की ज्या लोकांत विद्येची आवड अजून उत्पन्नच झालेली नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत निरुपयोगी आहे. अशा वस्तीत शाळा काढून कोणत्याही शिक्षकाचे पोट भरणार नाही.

एकाच कागदावर बक्षिसाचा पुरस्कार आणि बक्षिसाचा धिक्कार! पण यात विसंगती नाही. एक बक्षीस वाटेच्या आरंभी आहे आणि दुसरे शेवटी. पहिले म्हणते, ‘ये, हे तुझेही आहे.’ दुसरे म्हणते, ‘पोहोचलास तर देऊ.’ ज्याला चालायची सवय आहे, ज्याच्या घरात दिवा आहे, पुस्तक आहे, विचारायला माणूस आहे, त्याला दुसरे बक्षीस परवडते. बाकीच्यांना पहिलेच हवे असते.

सरकारनेही हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पंचाहत्तर वर्षांनी, १९९२ मध्ये, महाराष्ट्र सरकारने गरीब व मागास घरांतल्या प्राथमिक शाळेतील मुलींना हजेरीबद्दल रोज एक रुपया भत्ता देण्याची योजना काढली. रुपया तोच, दिशा मात्र उलटी. त्या वर्षीच्या रुपयात काय येत होते आणि आजच्या रुपयात काय येते, हा हिशेब आपल्यापैकी बाजारहाट करणाऱ्यांनी मनाशी करावा.

याहून शिकण्यासारखी गोष्ट तांदळाची आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची शालेय आहाराची योजना सुरू झाली. तेव्हा आपल्या राज्यात शिजवलेले अन्न मिळत नसे. ज्याची हजेरी शेकडा ऐंशी भरेल त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. मुले पिशव्या घेऊन यायची. जे मूल आजारी पडले, ज्याला आईबरोबर कामाच्या ठिकाणी जावे लागले, त्याचा तांदूळ बुडे. म्हणजे ज्या घरी अडचण जास्त, त्याच घरची पिशवी रिकामी. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि पुढे शाळेत खिचडीची पंगत बसू लागली. आता पाहा, अन्न तेच. पण पिशवीतला तांदूळ हे बक्षीस होते आणि ताटातली खिचडी हा पाहुणचार आहे. जो आला त्याला वाढले. मुलांना शाळेत आणायचे असेल तर पाहुणचारासारखे साधन नाही, आणि पाहुणचाराला अटी घालायच्या नसतात.

मूल आत आले, बसले. आता पुढे काय? इथे आपल्याच जिल्ह्यातले एक थोर उदाहरण आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शाळेत मुले येईनात, तेव्हा त्यांनी खाऊची लालूच वाढवली नाही. शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. ताराबाई ज्या विचारपरंपरेतल्या, त्या माँटेसोरीबाईंचा बक्षीस आणि शिक्षा या दोहोंवरही विश्वास नव्हता. त्यांनी रोमच्या आपल्या बालगृहातला एक प्रसंग नोंदवला आहे. एका मुलाला शाबासकी म्हणून गळ्यात एक पदक अडकवले होते. दुसऱ्याला शिक्षा म्हणून एकटे खुर्चीवर बसवले होते. पदकवाला मुलगा सामानाची नेआण करण्यात गुंग होता. ते पदक खाली पडले. खुर्चीवरच्या मुलाने उचलून विचारले, ‘हे तुझे ना?’ त्याने ढुंकूनही न पाहता सांगितले की मला त्याचे काही नाही, तूच घाल. आणि शिक्षेतला मुलगा ते पदक घालून मोठ्या समाधानाने बसून राहिला! ज्याच्या हाताला काम आहे त्याला पदक नको, आणि ज्याला काम नाही त्याला ते लागते.

हा केवळ एका बाईंचा अनुभव म्हणून कोणी सोडून देऊ नये. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना रंगीत स्केचपेनांनी चित्रे काढायचा मुळातच नाद होता, अशीच मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले, चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी न सांगता, चित्र झाल्यावर अवचित तेच दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तीच पेने ठेवली आणि कोण किती वेळ चित्रे काढतो ते पाहिले. ज्यांच्याशी आधी सौदा झाला होता ती मुले इतरांच्या निम्म्या वेळातच पेने सोडून उठली. ज्यांना अवचित मिळाले होते त्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

हे आमच्या नायगावकरांना समजावून सांगायला अमेरिकेला जायची गरज नाही. लोहमार्गाच्या पूर्वेला आपले जूचंद्र आहे. रांगोळीसाठी या गावाचे नाव महाराष्ट्रभर आहे. तिथली मुले मोठ्या माणसांशेजारी उकिडवी बसून चिमटीतून रंग सोडायला शिकतात. तासन् तास मान वर करत नाहीत. दर ठिपक्याला तारा कोणी देत नाही. उद्या कोणी ठरवले की रांगोळीच्या प्रत्येक फुलामागे दोन रुपये, तर फुले वाढतील. पण लवकरच एखादा मुलगा विचारील, ‘पानाला किती?’

म्हणून आम्ही पहिला नियम असा धरतो की मुलाला जे आपणहून आवडते त्याच्या वाटेत बक्षीस आणू नये. गोष्ट ऐकणे, चित्र, गाणे, खेळ यांवर तारे देणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे आहे. पाढे, अक्षराचे वळण, बेरीज-वजाबाकीचा सराव यांसारखे काम, ज्याची गोडी पहिले आठ-पंधरा दिवस लागतच नाही, तिथे तारा उपयोगी पडतो. तोही लवकर मागे घ्यावा. सायकल शिकवताना आपण मागून सीट धरतो, पण मूल तोल सांभाळू लागल्यावरही धरून धावत राहिलो तर लोक हसतील.

इथवरचे पुस्तकांत सापडते. जे पुस्तकांत कमी सापडते ते आता सांगतो, आणि त्यात चूक आमचीच असल्यामुळे सांगायला संकोच नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका शाळेत आम्ही तिसरीचा वर्ग शिकवत होतो. भिंतीवर पुठ्ठ्याचा एक तक्ता लावला होता. गृहपाठ पुरा आणि नीटनेटका असला की नावापुढे तारा. महिना संपला तेव्हा तक्ता मोठा छान दिसत होता. पण जवळ जाऊन पाहिले तर तारे सगळे त्याच पाच-सहा नावांपुढे दाटले होते. त्या मुलांच्या घरी संध्याकाळी आई किंवा ताई अभ्यासाला घेऊन बसे. उरलेल्यांत कोणाचे वडील मिठागरावर, कोणाची आई पहाटेच मासळीची पाटी घेऊन बाजाराला गेलेली, कोणी इमारतींच्या कामावर आलेल्या बिऱ्हाडातले, ज्यांच्या घरी मराठीच बोलत नाहीत. तारा मुलाला मिळत नव्हता. त्याच्या घराला मिळत होता.

हे आम्हाला तेव्हा दिसले नाही. एके सकाळी मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या मनगटावर आम्ही तारा पाहिला. आमच्या हातचा नव्हता. त्यानेच काढलेला, एक टोक वाकडे. आम्ही त्याला वर्गासमोर उभे केले आणि खोटेपणा कसा वाईट यावर चार शब्द ऐकवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, आज मी सगळ्यांच्या आधी आलो होतो.” चौकशी केली तेव्हा कळले की आई बाजाराला गेल्यावर धाकट्या बहिणीला न्हाऊमाखू घालून, तिला अंगणवाडीत सोडून तो येत असे, त्यामुळे रोज उशीर होई, आणि उशिराबद्दल आमची बोलणी तो रोज खाई. त्या दिवशी त्याने ते कसे जमवले होते कोण जाणे. पाहणारे कोणी नव्हते, म्हणून त्याने आपला तारा आपणच दिला.

तो तक्ता आम्ही त्या आठवड्यात उतरवला.

त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा त्याचा हिशेब ठेवायला लागलो. काल वाचताना किती ओळींत अडखळला, आज किती. काल सातचा पाढा कुठवर आला, आज कुठवर. तुलना शेजाऱ्याशी नाही, कालच्या स्वतःशी. शब्दही बदलावे लागले. ‘छान’, ‘गुड’ असे लिहिण्याने मुलाला काही कळत नाही. ‘आज जोडाक्षरे न थांबता वाचलीस’ असे म्हटले तर कळते की काय साधले आणि पुन्हा काय साधायचे. हे करायला वेळ लागतो. चाळीस मुलांच्या वर्गात रोज सर्वांचे होत नाही. रोज आठ-दहा वह्या घेतल्या तर आठवड्यात एक फेरी होते. त्यात मधल्या रांगेतले मूल सुटता कामा नये. एलिझाबेथ हरलॉक या बाईंनी १९२५ साली गणिताच्या वर्गांवर एक पाहणी केली होती. काही मुलांची रोज स्तुती, काहींना रोज बोलणी, आणि काहींकडे दुर्लक्ष. स्तुतीची मुले दिवसेंदिवस सुधारत गेली. बोलणी खाणारी पहिल्यांदा सुधारली, मग घसरली. पण ज्यांना त्याच खोलीत बसून दुसऱ्यांची स्तुती-निंदा नुसती ऐकावी लागली, त्यांची सुधारणा बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही कमी भरली. आपल्या वर्गांत अशी मुले सर्वांत जास्त असतात, कारण ती त्रास देत नाहीत.

स्तुती कशाची करावी यावरही मतभेद नको. १९९८ साली म्यूलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ‘तू हुशार आहेस’ म्हणून ज्यांची पाठ थोपटली ती मुले पुढे सोपी उदाहरणे निवडू लागली आणि अवघड उदाहरण चुकल्यावर खचली. ‘तू मेहनत केलीस’ म्हणून ज्यांना शाबासकी दिली त्यांनी अवघड मागून घेतली. याचे कारण उघड आहे. हुशारी ही सांभाळायची वस्तू होऊन बसते. मेहनत उद्याही करता येते.

आता बक्षीस म्हणून काय द्यावे? आमच्या मते वस्तू शक्य तो देऊच नये. आपल्या गावांत सर्वांत मोठे बक्षीस कोणते याचा विचार करा. पालखीला खांदा देण्याचा मान, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्याचा मान. यांत हाती काही पडत नाही, उलट काम करावे लागते. आणि तरी त्यासाठी माणसे वर्षभर वाट पाहतात. वर्गातही असे मान आहेत. शाळेची घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा वाजवायचा, फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायचा, पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, आज कोणते गाणे म्हणायचे ते ठरवायचे. दोन गोष्टी मात्र पाळाव्या. मान फिरता असावा, म्हणजे मॉनिटरची गादी होऊ नये. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला नेहमी पाणी भरायचा आणि ज्याला येते त्याला नेहमी वाचायचा, असे होऊ नये; नाहीतर मानाच्या नावाखाली जुनीच उतरंड वर्गात येऊन बसेल. अडखळणाऱ्या मुलाला आधी दोन दिवस तीच गोष्ट तयार करून घ्यायला सांगावी आणि मग पहिलीच्या वर्गात पाठवावे. त्या मुलांना तो अडखळतो हे ठाऊक नसते.

समोर बसलेल्या आईबापांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०१० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत सातत्यपूर्ण मूल्यमापन आले, प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या. पण घराघरातला प्रश्न काही बदलला नाही: ‘शेजारच्याला काय मिळाले?’ आणि पहिला आलास तर सायकल, ही बोली तर आता सायकलवरून मोबाइलवर गेली आहे. दर वर्षी किंमत वाढवावी लागते यावरूनच या मालात काही खोट आहे हे व्यापारी माणसाला तरी कळायला हवे. सायकल द्यायची असेल तर शाळा लांब आहे म्हणून द्या. पाणजू बेटावरची मुले होडीने खाडी ओलांडून नायगावला शिकायला येतात. होडी हे काही त्यांचे बक्षीस नव्हे.

शेवटी वार्षिक समारंभांतल्या ढालींविषयी. सत्काराला आमचा विरोध नाही. १८५२ साली पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे फुले पतिपत्नींचा शालजोडी देऊन गौरव झाला, तो झालाच पाहिजे होता. पण त्यांच्याच शाळेतल्या एका विद्यार्थिनीची आठवण सांगितली जाते. मुक्ता साळवे तिचे नाव. चौदा वर्षांच्या वयात तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. असे सांगतात की बक्षीस म्हणून खाऊ पुढे केला तेव्हा ती मेजर कँडी साहेबांना म्हणाली, आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. आमच्या गावच्या शाळांत दर वर्षी ज्या ढाली आणि चषक वाटले जातात, त्यांचा खर्च देणारे दाते बहुधा याच मांडवात बसलेले असतात. एका चषकाच्या पैशांत लहान मुलांची गोष्टींची दहा-पंधरा पुस्तके येतात. यंदा निदान पहिली-दुसरीपुरते तरी चषक बाजूला ठेवून वर्गात उघडे कपाट ठेवावे, त्याला कुलूप घालू नये, आणि आठवड्याला पुस्तके मांडायचा मान पाळीपाळीने एकेका मुलाला द्यावा. पुस्तके फाटतील. फाटलेली चिकटवायला डिंक लागेल, त्याची सोय आम्ही करू.